रोपाची तहान आणि मुळांचा श्वास

सातारा जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडायला गाडीनं अर्धा दिवस पुरतो. पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेला माण तालुका, म्हणजे दहिवडी-म्हसवडचा मुलूख. तिथं सरासरी पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही वेळेवर येईल याचा भरवसा नाही. महाबळेश्वरला अंजनीची चकचकीत पानांची सदाहरित झाडं, तर माणच्या माळावर बाभूळ, बोर, नेपती आणि पायाला टोचणारं कुसळी गवत.

कोरड्या जागी पाणी कमी म्हणून काटे आणि ओल्या जागी पाणी भरपूर म्हणून मोठी पानं, एवढं आपण शाळेत शिकलेलो असतो. ते खरं आहे, पण अर्धंच. कोरड्या जागी वनस्पतीला पाणी कमी पडतं. पाणथळ जागी मात्र तिला हवा कमी पडते. हा दुसरा अर्धा भाग लक्षात न आल्यामुळे घरोघरच्या कुंड्यांमधली कितीतरी रोपं मरतात. म्हणून आधी पाणी वनस्पतीतून कसं जातं ते क्रमानं पाहू आणि मग कोण कुठं कसा मार्ग काढतं त्याकडे वळू.

सुरुवात मुळापासून. पाणी शोषतात ती मुळांच्या टोकांजवळची अगदी बारीक केसांसारखी लव, तिला मूलरोम म्हणतात. जाड मुळांचं काम मुख्यतः झाडाला धरून ठेवण्याचं आणि पाणी वर पोहोचवण्याचं असतं. रोप उपटून दुसरीकडे लावलं की ते दोन-चार दिवस मान टाकतं, कारण उपटताना ही लवच तुटलेली असते. अशा वेळी पाण्याचा मारा करून उपयोग नसतो. नवी लव फुटेपर्यंत रोप सावलीत ठेवावं, म्हणजे पानांकडून होणारी मागणी कमी राहते.

मातीच्या कणांमधल्या बारीक फटींत पाणी असतं आणि मोठ्या फटींत हवा. मुळाला दोन्ही लागतं. मूळ जिवंत आहे, ते श्वास घेतं, आणि त्या श्वासातून मिळणाऱ्या ऊर्जेवर क्षार आत ओढून घेण्याचं काम चालतं. पाऊस थांबून जादा पाणी निचरून गेलं, माती ओलसर आहे पण पायाला चिकटत नाही, अशा अवस्थेला शेतकरी ‘वापसा’ म्हणतात. पेरणी त्या वेळी करतात. वापशाच्या जमिनीत पाणी आणि हवा दोन्ही हजर असतात.

मुळातून पाणी वर चढतं ते खोडातल्या अतिशय बारीक नळ्यांमधून, म्हणजे जलवाहिन्यांमधून. झाडाला पंप नाही. वर पानांमधून पाण्याची वाफ होते, पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, आणि वरचा रेणू उडाला की खालचा ओढला जातो. नारळाच्या शेंड्यापर्यंत पाणी पोहोचतं ते या ओढीवर. माती फार कोरडी झाली की ओढ इतकी ताणली जाते की नळीत हवेचा बुडबुडा तयार होतो आणि ती नळी बंद पडते. रुंद नळी पाणी भराभर वाहून नेते, पण दुष्काळात ती लवकर निकामी होते. म्हणून कोरड्या भागातल्या झाडांच्या नळ्या बहुधा अरुंद असतात. अशी झाडं सावकाश वाढतात.

आता पान. पानाच्या सालीवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये शंभर-दोनशेसुद्धा. ही पर्णरंध्रं. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्यानं फुगल्या की छिद्र उघडतं, सैल पडल्या की मिटतं. छिद्र उघडायचं ते हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी, कारण अन्न त्यापासून बनतं. पण उघड्या छिद्रातून आतली वाफ बाहेर निघून जाते. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी 95 टक्क्यांहून अधिक पाणी असंच हवेत जातं.

हा सौदा वनस्पतीला महाग पडतो. भात, गहू, आंबा यांसारख्या बहुसंख्य वनस्पती कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना पाण्याचे साधारण 400 रेणू घालवतात. छिद्रं मिटून घ्यावीत तर उपासमार, उघडी ठेवावीत तर तहान. पुढं जे काही येईल ते या एका पेचातून निघायच्या वाटा आहेत.

सगळ्यात साधी वाट म्हणजे पानाचं क्षेत्रफळ कमी करणं. बाभळीचं एक पान म्हणजे इवल्याइवल्या पर्णिकांचा समूह. लहान पर्णिका उन्हात कमी तापते, वाऱ्यानं लवकर थंड होते. नेपती आणखी पुढं गेली आहे. तिच्या कोवळ्या फांद्यांवर थोडी पानं येतात आणि लवकरच गळतात. वर्षभर अन्न तयार करतात त्या तिच्या हिरव्या फांद्या.

रुई मात्र मोठी पानं ठेवते, तीही ऐन मे महिन्यात, रस्त्याच्या कडेच्या मुरमात. तिच्या पानावरून बोट फिरवल्यास पांढरी पूड लागते. हे मेण. ते ऊन परतवतं आणि वाफ अडवतं. खाली मुळं खोलवर गेलेली असतात. कोवळ्या पानांवरची कापसासारखी लवही कोरडी हवा पानाला थेट भिडू देत नाही.

निवडुंगाकडे जरा थांबून पाहू, कारण गोंधळ इथं फार होतो. फड्या निवडुंगाचे चपटे हिरवे फड आपल्याला पानं वाटतात. ती खोडं आहेत. खरी पानं कोवळ्या फडावर काही दिवस दिसतात आणि झडतात. काट्यांनी पानांची जागा घेतलेली आहे. शिवाय फड्या मूळचा आपला नाही, अमेरिका खंडातला. आपल्याकडे कुंपणाला लावतात तो तिधारी निवडुंग आणि शेर ही वेगळ्या कुळातली, एरंडाच्या नात्यातली मंडळी. ओळखायची खूण सोपी आहे. तिधारी किंवा शेर जरासा खरचटला तरी पांढरा चीक येतो, फड्याला तसा येत नाही. (हा चीक डोळ्यात गेला तर फार इजा करतो. मुलांना लांब ठेवावं.) दोन कुळं, वेगवेगळे खंड, आणि कोरडेपणावर दोघांनी शोधलेला उपाय एकच: पानं टाकायची, खोड हिरवं ठेवायचं, त्यात पाणी साठवायचं.

त्यांची दुसरी युक्ती बाहेरून दिसत नाही. दिवसा दुकान बंद ठेवायचं आणि रात्री माल उतरवून घ्यायचा, असा त्यांचा व्यवहार. रात्री हवा थंड आणि दमट असते, वाफ कमी उडते, तेव्हा छिद्रं उघडतात. आत आलेला कार्बन डायऑक्साइड लगेच वापरता येत नाही, कारण ऊन नसतं. मग तो आम्लाच्या रूपात साठवला जातो. सकाळी छिद्रं बंद करून उन्हाच्या मदतीनं त्या साठ्यापासून अन्न बनतं. भाताला 400 रेणू लागत होते तिथं या पद्धतीत साधारण 50 पुरतात.

आपल्या अंगणातली पानफुटी हेच करते. बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात होते. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळी कडवट, हे त्यांनी 1813 मधल्या एका पत्रात लंडनला कळवलं. कारण त्यांना ठाऊक नव्हतं. रात्रीभरात साठलेलं आम्ल सकाळी पानात असतं आणि दिवसा वापरलं जातं, एवढंच त्यामागचं रहस्य. जिभेनं केलेली ही नोंद आजही पाठ्यपुस्तकांत आहे. तिची नक्कल करण्याची मात्र गरज नाही. पानफुटी पोटात गेल्यानं गुरांना विषबाधा होते.

ज्वारीची पद्धत भात आणि पानफुटी यांच्या मधली. ती छिद्रं दिवसाच उघडते, पण आत आलेला कार्बन डायऑक्साइड पानातल्या शिरांभोवतीच्या खास पेशींमध्ये दाटीनं गोळा करते, त्यामुळे छिद्रं अर्धवट उघडी ठेवूनही भागतं. एका रेणूमागं पाण्याचे साधारण 150 रेणू. मका, बाजरी आणि ऊसही याच गटातले. ऊस जास्त पाणी पितो तो त्याच्या बारा-अठरा महिन्यांच्या मुक्कामामुळे आणि प्रचंड पाल्यामुळे.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळू पेरतात. त्यानंतर पाऊस जवळपास नसतो. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन बसलेली असते आणि पीक त्या साठ्यावर निघतं. दुपारी ऊन वाढलं की ज्वारीचं पान सुरळीसारखं गुंडाळलं जातं. पानाच्या वरच्या सालीत काही मोठ्या पेशी असतात, त्यांतलं पाणी घटलं की त्या बसतात आणि पान आपोआप वळतं. उघडी बाजू कमी झाल्यानं वाफही कमी. संध्याकाळी पान परत उलगडतं. ताटावर पांढरं मेण असतं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला 1930 च्या दशकात निवडलेला मालदांडीचा ‘एम 35-1’ हा वाण अजूनही पेरला जातो, यातच त्याची चिकाटी आली.

सगळ्याच वनस्पती तहान सोसत बसत नाहीत. साग, पळस, पांगारा पानं गाळून मोकळे होतात. पान नाही तर खर्चही नाही. यात एक गंमत आहे. कुसुमाच्या झाडाला लालभडक पालवी फुटते ती ऐन मार्च-एप्रिलमध्ये, पावसाच्या दोन महिने आधी. खोल मुळांमुळे आणि खोडातल्या साठ्यामुळे हे त्याला परवडतं. आता आणखी पाणी घातलं पाहिजे, असा समज करून घेऊन अशा झाडाच्या बुंध्याशी उन्हाळ्यात आळं भरत राहण्याची गरज नसते.

आता दुसऱ्या बाजूला येऊ. पाणी साचलं की मातीतल्या मोठ्या फटींतली हवा बाहेर ढकलली जाते. प्राणवायू हवेत जितक्या वेगानं पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मातीतले जंतू आणि मुळं उरलासुरला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपवतात. मुळं गुदमरतात, त्यांचं काम थांबतं, पाणी वर जाईनासं होतं. म्हणजे पाण्यात उभं राहूनही रोप तहानेनं सुकतं. तुरीच्या शेतात पाणी साचलं की हेच घडतं.

भात मात्र त्याच चिखलात मजेत वाढतो. त्याच्या पानांपासून मुळांच्या टोकांपर्यंत आतून हवेच्या पोकळ्यांची सलग वाट असते. प्राणवायू वरून खाली उतरतो. भाताचं रोप उपटून मुळं धुवावीत, ती तांबूस दिसतात. मुळातून बाहेर झिरपलेला प्राणवायू चिखलातल्या लोहाला गंजवतो, त्याचा तो थर.

पण भातही पूर्ण बुडाला तर अडचणीत येतो. बहुतेक वाण पाण्याबाहेर डोकं काढण्यासाठी भराभर उंच वाढतात. पूर लवकर ओसरला तर ही धडपड महागात पडते. साठवलेलं अन्न संपतं आणि रोप आडवं होतं. ओडिशातल्या एका देशी वाणापासून निवडलेला ‘एफआर 13 ए’ उलट वागतो. बुडाल्यावर तो वाढ थांबवून गप्प बसतो आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उभा राहतो. त्याच्यातला हा गुण ज्या जनुकामुळे येतो ते 2006 मध्ये ओळखलं गेलं आणि 2009 मध्ये ‘स्वर्णा-सब 1’ हा वाण भारतात प्रसारित झाला. तो सुमारे दोन आठवडे बुडून राहिला तरी तग धरतो.

कमळाची गोष्टही हवेचीच. कमळकाकडी चिरल्यावर दिसणारी भोकं या हवेच्या वाटा आहेत. तळ्याच्या तळाशी चिखलात रुतलेल्या त्या खोडाला पानांकडून देठांवाटे हवा मिळते. तरंगणाऱ्या पानाची खालची बाजू पाण्याला टेकलेली, म्हणून छिद्रं वरच्या बाजूला. ती पाण्यानं बुजू नयेत म्हणून वर मेणाचे सूक्ष्म उंचवटे, ज्यांवर थेंब टिकत नाही. जलपर्णीच्या फुगीर देठात तर हवाच भरलेली असते.

मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या अळूच्या पानाच्या टोकाला सकाळी थेंब लोंबताना आपण पाहतो आणि त्याला दव म्हणतो. बहुतेक वेळा ते दव नसतं. रात्री छिद्रं मिटलेली असतात, मुळं मात्र पाणी वर ढकलत राहतात, आणि जादा पाणी टोकाशी असलेल्या खास छिद्रांतून बाहेर टाकलं जातं. वैशाखात कोरड्या पडलेल्या वाफ्यात हे थेंब दिसणार नाहीत.

ओल्याची आणि कोरड्याची सरळ वाटणी सगळ्यात जास्त मोडते ती खाडीत. ठाण्याच्या किंवा रत्नागिरीच्या खाडीकाठी तिवर, कांदळ, चिप्पी दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्यात उभ्या असतात. तरी त्यांची पानं माळावरच्या झाडांसारखी जाड, चिवट. कारण खारं पाणी मुळात सहज शिरत नाही, ते ओढून घ्यायला फार जोर लागतो. भोवती पाणीच पाणी आणि वनस्पतीच्या लेखी मात्र दुष्काळ. कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच गाळून टाकते. तिवर मीठ आत घेते आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवशी तिच्या पानांवर मिठाचे कण दिसतात.

हवेची टंचाई तिथं आहेच. म्हणून तिवर आणि चिप्पीच्या मुळांपासून चिखलाबाहेर उभे सरळ खुंट निघतात. ही श्वसनमुळं, ओहोटीच्या वेळी हवा घेणारी. महाराष्ट्रानं 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. पण या खुंटांवर राडारोडा किंवा भराव पडला, की कुऱ्हाड न लावताही झाड मरतं. तिवरं तोडली नाहीत, नुसती माती टाकली, हा बचाव म्हणूनच पोकळ आहे. गोव्याच्या खाजण जमिनींत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला ‘कोरगुट’ भात हा खारेपणा आणि चिखल दोन्ही सोसतो.

एकाच वर्षात दोन्ही टोकं सोसायची तर कासच्या पठाराकडे पाहावं. पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर 2012 मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वर जांभ्याचा कातळ, त्यावर बोटभर माती. जुलैत सगळं जलमय, एप्रिलमध्ये तव्यासारखं तापलेलं. तिथल्या बऱ्याच फुलझाडांनी निवडलेला उपाय म्हणजे तीन-चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपून जाणं. उन्हाळा बी काढतं, झाड नाही. वायतुरा ही तिथल्या डबक्यांतली पाणवनस्पती कंदाच्या रूपानं कोरडे महिने झोपून काढते. सततच्या पावसानं मातीतलं नत्र धुऊन जातं, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती किडे पकडून ती उणीव भरून काढतात.

आणि काही गवतं व नेचे चक्क पूर्ण वाळतात. पान चुरा होईल इतकं कोरडं, पण मेलेलं नाही. पाऊस पडला की काही तासांत ते हिरवं होऊ लागतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा 62 जातींची नोंद केली आहे. मार्चमध्ये कातळावरचं वाळकं गवत म्हणजे कचरा समजून पेटवून देणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

हे सगळं घरच्या कुंडीपर्यंत आणू. पान मलूल दिसलं की लगेच पाणी घालू नये. आधी मातीत दोन पेरं बोट घालावं. आत कोरडं असेल आणि कुंडी उचलायला हलकी लागत असेल तर तहान खरी. पाणी दिल्यावर काही तासांत रोप सावरतं. आत ओल आहे, खालची पानं पिवळी पडताहेत, मातीला कुबट वास येतोय, तर मुळं गुदमरलेली आहेत. पाणी बंद करावं, कुंडी मोकळ्या हवेत ठेवावी, सुधारणा दिसली नाही तर रोप काढून मऊ, काळपट पडलेली मुळं कापावीत आणि नव्या भुसभुशीत मातीत लावावं.

भोपळा, दोडका, काकडीचे वेल भर दुपारी मान टाकतात. ते संध्याकाळी आपणहून ताठ झाले तर काहीच करायचं नाही.

कोरफड, पानफुटी, निवडुंग यांना माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावं. अडेनियम थंडीत पानं गाळतं तेव्हा घाबरून पाणी वाढवणं ही नेहमीची चूक. त्यानं फुगीर बुंधा सडतो. सीतेची वेणी किंवा दुसरी झाडावर वाढणारी आमरी मातीत लावू नये. तिची मुळं हवेत लोंबण्यासाठीच घडलेली असतात, कोळसा किंवा सालीचा तुकडा तिला पुरतो. उलट अळूला किंवा कर्दळीला पाणी थोडं जास्त झालं तरी बिघडत नाही.

कुंडीच्या तळाला विटांच्या तुकड्यांचा जाड थर दिला की निचरा चांगला होतो, हा समजही सोडून द्यावा. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहतं. छिद्रावर एक खापरी पुरे. जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा घालायचाच असेल तर सगळ्या मातीत मिसळावा. आणि जूनमध्ये पाऊस धरला की कुंड्यांखालच्या ताटल्या दिवाळीपर्यंत काढून ठेवाव्यात.